लाल कोळी आणि पावडरीची गोष्ट

फेब्रुवारी सरत आला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. कर्जत-नेरळच्या बाजूने येतो, चौक-खालापूरच्या बाजूनेही येतो. भेंडीची पाने फिकी पडलीत, वरून बारीक पांढरे ठिपके, खालून धुरकट जाळे. कुणाच्या वांग्यावर, कुणाच्या झेंडूवर, कुणाच्या दारातल्या गुलाबावर. आणि पुढचे वाक्यही ठरलेले: दोनदा औषध मारले, तरी उतार नाही, उलट मारल्यापासून जास्तच वाढले.

हे ऐकून दुकानदार हसतो, घरचे पुरुष म्हणतात मारायला चुकलात. पण बायका बरोबर सांगत असतात. औषध मारल्यावर कीड वाढते, ही गोष्ट जगाने पहिल्यांदा ऐंशी वर्षांपूर्वी पाहिली. त्या गोष्टीचा एक धागा आपल्याच खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या काठच्या रसायनीपर्यंत येतो. आजच्या बोलण्यात तोच धागा धरून जायचे आहे.

आधी ह्या प्राण्याची ओळख करून घेऊ. त्याला लाल कोळी म्हणतात. कोळी म्हटले की मासळीवाल्या ताई आठवतात, नाहीतर घराच्या कोपऱ्यात जाळे विणणारा आठवतो. हा त्या दुसऱ्याचा दूरचा भाऊबंद. राजगिऱ्याचा दाणा निम्मा करावा एवढा, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. नाव लाल असले तरी पुष्कळदा तो पिवळट-हिरवा असतो आणि पाठीवर दोन्ही बाजूंना एकेक गडद डाग असतो. कीटकाला सहा पाय असतात. ह्याला पूर्ण वाढ झाल्यावर आठ. त्यामुळे शास्त्राच्या हिशेबात हा कीटक नाहीच. पुस्तकी बारकावा वाटेल, पण पुढचा सगळा घोळ ह्या दोन जादा पायांपाशी आहे. कीटक मारायला तयार केलेली कितीतरी औषधे ह्याला लागूच पडत नाहीत.

तो पानाच्या पाठीमागे बसतो आणि एकेक पेशी टोचून आतला रस शोषतो. एक पेशी रिकामी झाली की वरच्या बाजूला एक पांढरा ठिपका. असे हजारो ठिपके मिळून पान राखट दिसू लागते. मादी आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. उन्हाळ्यातल्या तीस अंशांच्या उष्णतेत अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांत उरकतो. नर भेटला नाही तरीही ती अडत नाही. तशीच अंडी घालते, त्यांतून फक्त नर निघतात आणि पुढचा संसार त्यांच्यावर सुरू होतो. तेव्हा एक मादी वाऱ्याने, कपड्याला चिकटून किंवा रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीबरोबर आली तरी पुरे.

हा काही नवा पाहुणा नाही. कोख नावाच्या जर्मन अभ्यासकाने १८३६ सालीच त्याची नोंद करून त्याला शास्त्रीय नाव दिले. त्याचा एक सख्खा चुलत भाऊ आसामच्या चहाच्या मळ्यांत १८६८ साली नोंदला गेला आणि तिथे त्याने चहावाल्यांना आजतागायत छळले आहे. पण भाजीच्या मळ्यात तो असायचा तो कुठेतरी कोपऱ्यात. कोरड्या वर्षी दोन-चार झाडे खायची, पाऊस आला की धुऊन जायचा. त्याला धाकात ठेवणारेही होते. दुसरा एक कोळीच असतो, नासपतीच्या आकाराचा, चकचकीत आणि चपळ, जो ह्या कोळ्यांना आणि त्यांच्या अंड्यांना खाऊन जगतो. खसखशीएवढा काळा भुंगेरा असतो, आपल्या ठिपकेवाल्या ढालकिड्याच्या जातीतला. कोळी खाणारा एक फुलकिडाही आहे. हे सगळे फुकटचे राखणदार.

शिवाय आपल्याकडे त्याला उपास घडायचे. कर्जत-खालापूरची जुनी शेती आठवा, किंवा घरातल्या आजीला विचारा. पावसात भात, वरकस जमिनीवर नाचणी-वरी, बांधावर आणि माळावर काकडी, शिराळी, पडवळ. भातामागून ओलीवर वाल. वाल निघाले की रान मोकळे, मग राब भाजायचे आणि आभाळाकडे बघत बसायचे. कोळ्याला जे तीन महिने सर्वांत मानवतात, मार्च, एप्रिल, मे, त्याच महिन्यांत शेतात त्याला खायला हिरवे पान नसे. आणि जूनपासून तीन हजार मिलिमीटरच्या पुढे कोसळणारा पाऊस.

हे चित्र पाण्याने बदलले. घाटमाथ्यावरची तळी बांधून टाटांनी खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू केले, भिवपुरीचे १९२२ साली. वीज गेली मुंबईला, गिरण्यांना आणि आगगाड्यांना. पण चक्र फिरवून झाल्यावर खाली सुटलेले पाणी इथेच राहिले. भिवपुरीचे ते पाणी पुढे राजनाल्यात आले आणि त्याच्या काठच्या गावांत उन्हाळी भात, उन्हाळी भाजी उभी राहिली. मागून विहिरींवर पंप आले. उन्हाळ्यात हाताला काम आणि बाजाराला भाजी मिळू लागली, सकाळच्या लोकलने टोपल्या कल्याणला, दादरला जाऊ लागल्या. ह्यात वाईट काही नाही, उलट कित्येक घरे त्यावर उभी राहिली. पण कोळ्याचे उपासाचे महिने त्याबरोबर संपले, असे आम्हाला वाटते. एवढ्यानेही तो हाताबाहेर गेला नसता. राखणदार होतेच. ते पावडरीने गेले.

पावडरीची गोष्ट सांगताना तिला आल्या आल्या नावे ठेवायची घाई आम्ही करणार नाही. स्वित्झर्लंडच्या पाउल म्युलर ह्या रसायनशास्त्रज्ञाने १९३९ साली डीडीटीचा कीटक मारण्याचा गुण शोधला. महायुद्धात सैनिकांना हिवतापापासून आणि उवांमुळे होणाऱ्या तापापासून तिने वाचवले. म्युलरना १९४८ साली नोबेल मिळाले, तेही वैद्यकशास्त्राचे. आपल्या जुन्या मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन ह्यांनी धारवाड आणि कारवारच्या हिवतापी मुलखात १९४६च्या सुमारास घरोघर डीडीटी फवारून दाखवली, आणि ताप ओसरला. १९५३ साली देशभर हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९६५पर्यंत रुग्णांची संख्या लाखाच्या घरात आली. आपल्या ह्या डोंगरपायथ्याच्या गावांत हिवताप म्हणजे काय हे सांगायला नको. कित्येक आज्या आणि त्यांची लेकरे त्या पावडरीमुळे जगली.

ती पावडर आधी आली ती घरात. फवारणीवाले पाठीवर पंप घेऊन यायचे, मडकी-भांडी बाहेर काढायला लावायचे, भिंतीवर फवारून दारावर तारीख टाकून जायचे. डास भिंतीवर टेकला की मरावा, अशी युक्ती. म्हणून फवारणीनंतर बरेच दिवस भिंत सारवू नका, असे बजावले जाई. आता सण तोंडावर आणि भिंतीवर पांढरे ओघळ. हे कुठल्या बाईला खपणार? सरकारी अहवालांत लोक सहकार्य करत नाहीत असा शेरा असतो, त्यात ह्या सारवणाचा वाटा मोठा आहे. मात्र लवकरच १९७६ साली देशातला हिवताप पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला, कारण डास पावडरीला सरावले होते. सरावणे हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घरातून ती शेतात गेली. डासाला मारते ती अळीला का नाही मारणार? तिच्या जोडीला तिची बहीण आली, बीएचसी, जिला सगळे गॅमेक्सिन म्हणत. पंप नसेल तर पातळ फडक्यात भरून पुरचुंडी भाजीवर आपटायची. पहिल्या वर्षी अळ्या मेल्या, मावा मेला, भाजी स्वच्छ निघाली. त्या काळच्या शेतकऱ्याला ही जादूच वाटली असणार.

कोळी मात्र मेला नाही. आठ पायांच्या त्या प्राण्यावर डीडीटीचा परिणाम होत नव्हता. मेले ते त्याला खाणारे भुंगेरे आणि फुलकिडे. जगभर सफरचंदाच्या बागांत, कपाशीत, काचघरांत एकच अनुभव येऊ लागला: पावडर मारली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाने राखट. सर्वांत मोठा धडा अमेरिकेतल्या जंगलांत मिळाला. तिथल्या वनखात्याने १९५६ साली सूचिपर्णी झाडांवरच्या एका अळीसाठी विमानांतून आठ लाख ऐंशी हजार एकरांहून अधिक जंगलावर डीडीटी फवारली. पुढच्या उन्हाळ्यात डोंगरच्या डोंगर तांबूस पडले. फवारलेल्या जंगलात कोळी माजला होता. न फवारलेले जंगल हिरवे होते. रेचेल कार्सन नावाच्या बाईंनी १९६२ साली आपल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ ह्या पुस्तकात हा प्रसंग जगापुढे मांडला. पुस्तक आले तेव्हा रसायन कंपन्यांनी त्यांच्यावर चिखलफेक केली, लग्न न झालेल्या बाईला पुढच्या पिढ्यांची काळजी कशाला, इथपर्यंत बोलणी गेली. त्या वेळी त्या कर्करोगाशी झुंजत होत्या, आणि दोन वर्षांत गेल्या.

असे का होते, ह्याची कारणे नंतर उलगडत गेली. राखणदार मरतात हे पहिले आणि मोठे. दुसरे असे की औषध अंगाला लागले तरी न मरता कोळी चिडल्यासारखा पांगतो, शेजारच्या मोकळ्या पानांवर जातो आणि तिथे गर्दी नसल्यामुळे जास्त पिल्ले वाढवतो. काही औषधांच्या हलक्या मात्रेने मादी जास्त अंडी घालते असेही दिसून आले आहे. आज आपल्या दुकानांत जी सायपरमेथ्रीनसारखी स्वस्त, झटपट औषधे मिळतात, त्यांच्याबाबतही हाच अनुभव आहे. अळीसाठी ती मारली की पाठोपाठ कोळी येतो. तेव्हा “मारल्यावर वाढले” म्हणणाऱ्या ताईंनो, तुम्ही जे पाहिले ते खरेच पाहिले.

मग कोळ्यासाठी वेगळी औषधे आली. पॅराथिऑनसारखी जहाल विषे आली, जी माणसालाही तितकीच मारत. काचघरांत ती वापरायला लागून थोडी वर्षे होतात न होतात तोच कोळी त्यांनाही सरावला. ज्या प्राण्याची पिढी आठ-दहा दिवसांची आहे, त्याच्या एका उन्हाळ्यात आपल्या तीनशे वर्षांइतक्या पिढ्या होऊन जातात. शंभरात एखादा औषधाला दाद न देणारा निघाला तर महिन्याभरात शेत त्याच्याच वंशाचे. आजवर नव्वदहून अधिक औषधांना तो कुठे ना कुठे सरावल्याची नोंद आहे. ह्या बाबतीत त्याच्या पुढे फार कुणी नाही. २०११ साली शास्त्रज्ञांनी त्याची सगळी गुणसूत्रे वाचून काढली तेव्हा त्याचे गुपित थोडे कळले. हा हजारावर प्रकारच्या वनस्पती खातो. प्रत्येक वनस्पती आपल्या बचावाला काही ना काही विष बाळगते. ती पचवण्याची तयारी ह्याच्या अंगात आधीपासूनच आहे. आपली बाटली त्याला त्यातलीच एक.

आता रसायनीकडे येऊ. हिवतापाच्या कार्यक्रमासाठी डीडीटी देशातच बनावी म्हणून भारत सरकारने १९५४ साली हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स ही कंपनी काढली. दिल्लीचा कारखाना १९५५ साली सुरू झाला, मग केरळातल्या उद्योगमंडळचा, आणि पुढे आपल्या रसायनीचा. त्याआधीच १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्समुळे वासांबे-मोहोपाड्याच्या त्या पट्ट्यात रसायनांचे कारखाने आणि वसाहत उभी राहिली. नावच रसायनी पडले. गावाची नावे देवांवरून पडतात, झाडांवरून पडतात, पाण्यावरून पडतात. रसायनावरून नाव पडलेले गाव आमच्या माहितीत हे एकच.

त्या कारखान्यांवर कित्येक घरे शिकली-सवरली, हे आम्ही विसरत नाही. पण इतिहास सांगायचा तर हेही सांगायला हवे, की १९८९ साली भारतात शेतीसाठी डीडीटीवर बंदी आली, गॅमेक्सिनवर १९९७ साली आली, आणि हिवताप-काळा आजारासाठी म्हणून डीडीटी बनतच राहिली. २००१ साली स्टॉकहोममध्ये झालेल्या करारात जगाने ह्या न कुजणाऱ्या, अंगातल्या चरबीत आणि आईच्या दुधातही उतरणाऱ्या रसायनांना आवर घालायचे ठरवले. भारताने २००६ साली तो करार मान्य केला, पण डासांपुरती सवलत मागून. एकेक देश थांबत गेला, चीनही थांबला, आणि डीडीटी बनवणारा जगातला एकटा देश भारत उरला. म्हणजे रसायनीचा कारखाना हा जगातल्या शेवटच्या डीडीटी कारखान्यांपैकी एक.

“शेतीत तर १९८९ सालीच बंद झाली ना?” असे कुणी म्हणेल. कागदावर हो. पण कोळ्यासाठी म्हणून वर्षानुवर्षे सर्वांत जास्त सांगितले गेलेले औषध कोणते? डायकोफॉल. भेंडीवर, वांग्यावर, मिरचीवर, गुलाबावर, लिटरला दोन मिलिलिटर. हा आकडा अनेकींना पाठ असेल. अमेरिकेत १९५०च्या दशकात निघालेले हे औषध तयार होते ते डीडीटीपासूनच. कारखान्यात आधी डीडीटी करायची, मग तिचे रूप थोडे बदलायचे की डायकोफॉल. बदल पुरा झाला नाही तर बाटलीत थोडी मूळ डीडीटीही राहते. जिने जगभर कोळी माजवला, तिच्याच पोटी कोळ्यावरचे औषध जन्मले आणि समोरचे दार बंद झाल्यावर मागच्या दाराने पुन्हा भाजीवर आले. स्टॉकहोमच्या करारात २०१९ साली डायकोफॉलचे नाव बंदीच्या यादीत गेले. आपल्या सरकारने त्यावर बंदीचा हुकूम काढला तो २०२३च्या सप्टेंबरात. काल-परवाचीच गोष्ट.

दुसरी वाट दाखवली ती फुलांनी आणि काकडीने. १९५८ साली चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या रोपांवर डॉसे नावाच्या संशोधकाला एक तांबूस, भराभर चालणारा कोळी सापडला. तो झाडाला हात लावत नव्हता, लाल कोळ्यालाच खात होता. त्याला वाढवून युरोपच्या काचघरांत सोडून पाहिले तर काही आठवड्यांत पाने स्वच्छ. हॉलंडमध्ये यान कॉपर्ट नावाचा काकडी पिकवणारा शेतकरी फवारण्यांनी आजारी पडला होता. त्याने हे राखणदार कोळी आपल्या काचघरात सोडले, आणि १९६७पासून ते वाढवून इतरांना विकू लागला. आज युरोपातल्या काचघरांत हीच रीत. ती नैतिक म्हणून आली नाही बरे का; औषधे चालेनाशी झाली आणि मालकच आजारी पडला म्हणून आली. आमच्या मते मालक स्वतः फवारत होता, हे फार महत्त्वाचे.

आपल्या शेजारी घाट चढून गेले की तळेगाव दाभाडे. तिथे एमआयडीसीच्या फुलशेती उद्यानात गुलाबाची हरितगृहे आहेत. फेब्रुवारीत त्यांची फुले परदेशी जातात. हरितगृहात पाऊस नाही, वारा कमी, उब बारमाही. कोळ्याला याहून काय हवे? आपल्याकडेही आता रस्त्याच्या कडेने शेडनेटच्या रोपवाटिका आहेत, फार्महाउसच्या बागा आहेत, आणि आपल्या दारात तुळस, जास्वंद, गुलाब आहेतच. जिथे पाऊस पोचत नाही, जिथे धूळ बसते, तिथे हा आधी येतो. खडी क्रशरच्या आणि कच्च्या रस्त्याच्या कडेची झाडे बघा, दोन ओळी आत गेलात तर फरक दिसेल. धुळीने राखणदारांची दमछाक होते, कोळ्याला ती आडोसा होते. म्हणूनच भाजीवर भरमसाट राख टाकायची आपली जुनी सवय कोळ्याच्या बाबतीत आम्हाला पटत नाही. माव्याला ठीक. कोळी असलेल्या झाडावर राख म्हणजे आणखी एक धूळ.

तर करायचे काय? सगळ्यात आधी ओळखायचे. संशयाचे पान पांढऱ्या कागदावर आपटा आणि क्षणभर थांबा. ठिपके चालू लागले तर कोळी. संथ चालणारे दोन डागवाले, ते नुकसानीचे. एखादा चकचकीत, भराभर धावणारा दिसला तर तो आपला राखणदार, आणि तो दिसत असेल तर औषधाचा विचार आठवडाभर लांबवा. आपल्या देशातही असा राखणदार कोळी मूळचाच आहे, तो विकत आणावा लागत नाही. फक्त मारायचा नाही. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात ह्या कोळ्यांवर अनेक दशके संशोधन चालू आहे.

दारातल्या झाडांना आणि परसातल्या दहा-वीस भेंड्यांना पाणी हेच औषध. सकाळी पाइपाच्या तोंडावर अंगठा धरून पानांच्या पाठीवर जोराची धार मारायची, तीन-चार दिवसांनी पुन्हा, पंधरा दिवस. वरून मारून उपयोग नाही, तो खाली बसलेला असतो. फार जाळे धरलेली खालची पाने खुडून पिशवीत घालून बाहेर न्या. खुडून बांधावर टाकली की तो चालत परत येतो. मळ्यात पाच टक्के निंबोळी अर्क पानाच्या खालून फवारता येतो. पाण्यात विरघळणारे गंधक हे कोळ्यावरचे फार जुने औषध, आजही चालते, आणि स्वस्त आहे. पण ते भर उन्हात, पस्तीस अंशांच्या वर मारले तर पाने करपतात. काकडी-भोपळ्याच्या वेलांना तर फारच जपावे लागते. तेलकट औषध मारले असेल तर दोन आठवडे गंधक नको. उन्हाळी झेंडू किंवा भेंडी झाल्यावर जुनी वाळकी झाडे तशीच उभी ठेवून शेजारी नवी लावण केली तर कोळ्याला नवे घर आयते मिळते. ती उपटा. आणि मे महिन्यात फार जीव टांगणीला लागला असेल तर दिवस मोजा. पहिला जोरदार पाऊस हे काम कुठल्याही बाटलीपेक्षा चांगले करतो.

मोठ्या लावणीला कधी औषध मारावेच लागते, हे आम्ही नाकारत नाही. तेव्हा खास कोळीनाशकच घ्यायचे, लेबलवर तुमच्या पिकाचे नाव आहे का पाहायचे, आणि एकच औषध पुन्हा पुन्हा मारायचे नाही. आता खरी अडचण येते. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. एक तोडणी चुकली की शेंग जून होते, बाजार घेत नाही. लेबलवर मात्र लिहिलेले असते की फवारणीनंतर इतके दिवस तोडणी करू नये. कुठे तीन, कुठे पाच, कुठे सात. ह्या दोन हिशेबांत कोण सापडते? तोडणाऱ्या बाया. काल फवारलेल्या झाडांत कमरेपर्यंत बुडून, उघड्या हातांनी, त्याच हातांनी मधली भाकरी खाऊन. आणि मग ती भाजी ज्या घरात शिजते तिथली मुले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा महाराष्ट्र हादरला. ती फवारणाऱ्यांची गोष्ट होती. तोडणाऱ्यांची डोकेदुखी, मळमळ, हाताची सालपटे यांची मोजदाद कुठल्याच नोंदवहीत होत नाही.

ह्यावर काही गटांतल्या बायकांनी साधा मार्ग धरलेला आम्ही पाहिला. फवारायच्या आदल्या दिवशी झाडावरची सगळी भेंडी, बोटाएवढीसुद्धा, तोडून घ्यायची. मग लेबलवरचे दिवस मोजायचे, त्या दिवसांत वाढलेली जून शेंग तोडून खड्ड्यात, गुराला नाही. दोन तोडण्यांचे पैसे बुडतात. म्हणून मग त्या बायका फवारणीच शक्यतो टाळतात, आणि फेब्रुवारीपासून दर चार दिवसांनी पांढरा कागद घेऊन मळ्यात फिरतात. मजुरीने तोडणीला जाणारीने मालकाला निदान एवढे विचारावे: कधी मारले, काय मारले, बाटली दाखवा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलीला वाचायला लावा. लेबलवर रंगीत त्रिकोण असतो. लाल असेल तर सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.

आणि एक काम ह्याच आठवड्यात करा. माळ्यावर, गोठ्याच्या आढ्यावर, पेटाऱ्याच्या मागे जुने डबे-बाटल्या असतील, त्या खाली घ्या. डायकोफॉल लिहिलेली बाटली असेल, पांढऱ्या पावडरीचा कागदी पुडा असेल, तर तो उघडू नका, शेजारणीलाही देऊ नका. रिकाम्या डब्यात तेल, रॉकेल, बी-बियाणे काही भरू नका. ओढ्यात तर ओतूच नका. कर्जतचा ओढा उल्हासला मिळतो, खालापूरचा पाताळगंगेला, आणि दोन्ही नद्यांचे पाणी खालच्या गावांतले लोक पितात. जाड पिशवीत घालून, तोंड बांधून, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात नाव सांगून विचारा, हे कुठे जमा करायचे. चौघी-पाचजणी मिळून गेलात तर उत्तर लवकर मिळते.